धीर देणाऱ्याला धीर कोण देणार?

(वर्षावास कार्यक्रमात दिलेले भाषण)



मी बँकेतला साधा कारकून. धर्मशास्त्राचा अभ्यासक नाही. पण हिशेब मला कळतो आणि आज एका बाकी राहिलेल्या हिशेबाविषयी बोलणार आहे.

माझे वडील वारले तेव्हा भर पावसात एक वयोवृद्ध बौद्धाचार्य एस.टी.ने आले. त्यांनी त्रिशरण-पंचशील दिले, आईला धीर दिला आणि शेवटच्या गाडीने परतले. पुढे ते स्वतः अंथरुणाला खिळले. मी भेटायला गेलो नाही. ते गेल्यावर कळले की, औषधासाठी त्यांना उसनवारी करावी लागली होती. हा दोष दुसऱ्या कोणाचा नाही. माझा आहे, आपला आहे.

याबाबतीत शेजाऱ्यांकडून शिकण्यासारखे आहे. आपल्या यवतमाळात फ्री मेथडिस्ट मिशनचे काम जुने आहे. हा पंथ १८६० साली अमेरिकेत स्थापन झाला. चर्चमधील बाके पैसे घेऊन देण्याची तेव्हा चाल होती. ती चाल आणि गुलामगिरी, दोन्ही त्यांनी नाकारल्या. पाळकांना शिक्षण देणारी युनियन बिब्लिकल सेमिनरी १९५३ साली यवतमाळातच सुरू झाली. १९८३ साली ती पुण्याला गेली.

जुने मेथडिस्ट प्रचारक घोड्यावरून गावोगाव फिरत. थकले की ना घर, ना शेत. म्हणून अमेरिकेतील मेथडिस्टांनी १७९६ सालीच थकलेले प्रचारक, त्यांच्या विधवा आणि मुले यांच्यासाठी कायम निधी उभारला. आपल्याकडे स्वातंत्र्यानंतर परदेशी मिशनरी कमी होत गेले, जबाबदारी इथल्या पाळकांवर आली. अशा बदलाच्या काळात नुसती श्रद्धा पुरत नाही. शिक्षण, निर्वाह आणि सोबत लागते.

बाबासाहेबांनी हे ओळखले होते. १९५४ साली बर्मातील बुद्ध शासन कौन्सिलपुढे ठेवलेल्या आराखड्यात त्यांनी प्रचारक घडविणारे विद्यालय आणि गृहस्थ प्रचारकांना मोबदला, या दोन्ही गोष्टी सुचविल्या. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी दीक्षा झाली आणि ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले. लाखो लोक धम्मात आले, पण भिक्खू मोजकेच होते. गावोगावचे मंगल परिणय, नामकरण, अंत्यसंस्कार बौद्धाचार्यांनी सांभाळले. दिवसा शाळा किंवा शेतमजुरी, रात्री धम्मकार्य!

आज त्यांचे काम अधिक अवघड झाले आहे. कापसाच्या या जिल्ह्यात शेतकऱ्याने आत्महत्या केली की, त्या घरात जाऊन बसावे लागते. बेकार तरुण आणि दारूने मोडलेला संसार त्यांच्याच दारी येतो. त्यांचे स्वतःचे दुःख मात्र कोणी विचारत नाही.

म्हणून माझी सूचना साधी आहे. घरटी महिना २० रुपये द्या. १०० घरे झाली तर वर्षाचे २४,००० रुपये होतात. संस्थेच्या नावाने, दोघांच्या सहीने वेगळे खाते उघडा. हिशेब मी विनामोबदला ठेवीन. त्यातून आजारपण, प्रवास आणि वर्षातून एक प्रशिक्षण शिबिर भागवावे. विद्यार्थ्यांनी महिन्यातून एकदा त्यांच्या घरी जाऊन बसावे, त्यांच्याकडून शिकावे, त्यांना नवी पुस्तके वाचून दाखवावीत.

दान म्हणजे उपकार नव्हे, ते आपले देणे आहे. माझ्या बौद्धाचार्यांचे देणे राहून गेले. तुमचे राहू देऊ नका.

नमो बुद्धाय! जय भीम!