कात्री आमची, सांधा पेशीचा



‘जनुकांची कात्री’ हा शब्द वर्तमानपत्रांच्या कृपेने आता सर्वांच्या कानांवरून गेला आहे. कात्री म्हटली की शिंपी डोळ्यांपुढे येतो आणि साहजिकच असे वाटते की, शास्त्रज्ञ हा शिंपी, डीएनए हे कापड; वाईट तुकडा कापला, चांगला शिवून दिला, काम झाले. यातला पहिला अर्धा भाग खरा आहे. कात्री शास्त्रज्ञ चालवतो. पण सुई-दोरा त्याच्याजवळ नाही. शिवण्याचे काम ज्या पेशीचा डीएनए कापला ती पेशीच करते, आपल्या रीतीने करते, आणि पुष्कळदा शास्त्रज्ञाच्या मनात असते त्याहून निराळेच करते. आज आम्ही कात्रीविषयी थोडे आणि या शिवणीविषयी अधिक बोलणार आहोत. कारण आपल्या सातपुड्यातील कितीतरी मुलांचे बरेवाईट पुढेमागे या शिवणीशी जोडले जाणार आहे.

आधी दुखणे कोणते ते पाहू. धडगाव, अक्कलकुवा, तळोदा हा मुलूख १ जुलै १९९८ पर्यंत आपल्या धुळे जिल्ह्यातच होता. आता तो नंदुरबारात गेला. शिरपूर, साक्री आपल्याकडे राहिले. जळगावच्या बाजूस चोपडा, यावल, रावेर हे तालुके त्याच डोंगराच्या पायथ्याशी आहेत. या पट्ट्यातील भिल्ल, पावरा आदी समाजांत सिकलसेल नावाचा रक्ताचा आजार पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे. मूल जन्मते तेव्हा ठणठणीत असते. पाच-सहा महिने काही कळत नाही. मग हातापायांची बोटे सुजतात, अंग पिवळे पडते, पुढे हाडे-सांधे असे दुखू लागतात की मोठा माणूसही गुरासारखा ओरडतो. रक्तातील तांबड्या पेशी एरवी चकतीसारख्या गोल आणि लवचिक असतात. या आजारात त्या विळ्यासारख्या वाकड्या व ताठर होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकून बसतात. पुढे रक्त जात नाही, म्हणून वेदना.

अमेरिकेतील डॉक्टर हेरिक यांनी १९१० साली या वाकड्या पेशींचे वर्णन प्रसिद्ध केले. दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे हे पाउलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये दाखवले. आणि तो दोष किती लहान आहे हे १९५६ मध्ये इंग्राम यांच्या प्रयोगाने कळले. माणसाच्या डीएनएची एक संपूर्ण प्रत सुमारे ३०० कोटी अक्षरांची असते. त्यांपैकी हिमोग्लोबिनच्या एका साखळीच्या जनुकात एकाच ठिकाणी ‘ए’च्या जागी ‘टी’ पडला आहे. एवढ्या एका अक्षराने सगळा अनर्थ होतो.

असे वाईट अक्षर इतक्या पिढ्या टिकले कसे, असे कोणी विचारील. आईकडून व बापाकडून अशा दोन्हीकडून ते आले तर आजार होतो. एकाकडूनच आले तर माणूस ‘वाहक’ होतो, आणि वाहकाला घातक हिवतापापासून पुष्कळ संरक्षण मिळते. ॲलिसन यांनी आफ्रिकेत १९५४ साली हे सिद्ध केले. ज्या जंगलात हिवताप ठाण मांडून होता तेथे हे अक्षरही टिकून राहिले. डोंगरातल्या माणसाच्या रक्तातील हा ‘दोष’ म्हणजे एका काळी त्याने हिवतापाशी केलेल्या झुंजीची खूण आहे, हे सपाटीवरच्या आपल्यासारख्यांनी ध्यानात ठेवलेले बरे.

आता कात्री. जंतूंनाही विषाणूंचा उपद्रव होतो. विषाणूचा डीएनए ओळखून त्याचे तुकडे करण्याची एक युक्ती जंतूंनी फार पूर्वीच साधली होती. एक वाटाड्या रेणू आणि त्याच्याबरोबर ‘कॅस-९’ नावाचे कापणारे प्रथिन, अशी ती जोडी आहे. वाटाड्याला आपल्याला हवा तो पत्ता लिहून देता येतो, हे शार्पेंतिए आणि डाउडना या दोन विदुषींनी २०१२ मध्ये दाखवले आणि २०२० चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. पत्ता सापडला की कॅस-९ डीएनएचे दोन्ही पदर कचकन तोडते. त्याचे काम येथे संपते.

तुटलेला डीएनए पेशीला नवा नाही. एका पेशीतील डीएनए उलगडला तर सुमारे २ मीटर भरेल. तो एवढ्याशा जागेत कोंबलेला असतो आणि त्याला रोज इजा होत असतात. दोन्ही पदर तुटण्याचे प्रसंगच एकेका पेशीत दिवसाला दहा ते पन्नास येतात असा अंदाज आहे. एवढे होऊनही आपण या मंडपात बसलो आहोत, याचे श्रेय पेशीतील दुरुस्तीखात्याला आहे. डीएनएच्या निरनिराळ्या दुरुस्त्यांचा उलगडा करणाऱ्या लिंडाल, मॉड्रिच आणि संकार या तिघांना २०१५ चे नोबेल मिळाले. संकार हे तुर्कस्तानातील एका लहान गावचे. असो.

दोन्ही पदर तुटले म्हणजे पेशीपुढे मुख्यतः दोन वाटा असतात. त्या समजावून सांगण्यास धुळ्याइतके सोयीचे गाव दुसरे नाही. इतिहासाचार्य राजवाड्यांनी गावोगाव पायपीट करून जमवलेली दप्तरे येथे त्यांच्या नावाच्या संशोधन मंडळात आहेत. शंकरराव देवांनी जमवलेली समर्थ संप्रदायाची बाडे वाग्देवता मंदिरात आहेत. अशा एखाद्या पोथीचे पान मधोमध फाटले आहे असे समजा. एक वाट अशी की, फाटलेल्या दोन्ही कडा जुळवाव्या, कुजलेल्या किनारी कातराव्या आणि खळ लावून चिकटवून टाकाव्या. पोथी शाबूत राहते, पण सांध्यावरची दोन-चार अक्षरे जातात. दुसरी वाट अशी की, त्याच पोथीची दुसरी प्रत शोधावी आणि तिच्यावरून गेलेला मजकूर अक्षरशः उतरून काढावा.

पेशी दोन्ही करते. पहिल्या रीतीत ‘कू’ नावाचे प्रथिन कडीसारखे तुटलेल्या टोकांवर चढते आणि ती धरून ठेवते. मग कातरणारी प्रथिने येतात आणि शेवटी ‘लायगेज-४’ हे प्रथिन सांधा पक्का करते. हे काम झटपट होते, केव्हाही होते. कोठे प्रत शोधावी लागत नाही. दुसऱ्या रीतीत टोके उकलून एकपदरी करतात, ‘रॅड-५१’ नावाचे प्रथिन त्यांवर बसते आणि जुळणारी प्रत धुंडाळते. बीआरसीए-२ हे नाव स्तनांच्या कर्करोगाच्या संदर्भात तुमच्यापैकी काहींनी ऐकले असेल; रॅड-५१ला जागेवर आणून बसवण्याचे काम ते करते. ते बिघडले की प्रतीवरून होणारी दुरुस्ती थांबते, चुका साठतात, आणि कर्करोगाचा धोका वाढतो. मात्र या रीतीला एक अट आहे. पेशी दोन होण्याच्या तयारीत असते तेव्हाच तिच्याजवळ डीएनएची नुकतीच उतरलेली दुसरी प्रत असते. स्वस्थ बसलेल्या पेशीला ही रीत बहुधा लाभत नाही.

आता शास्त्रज्ञाला काय हवे असते? पाने कापून मध्ये आपली, एक अक्षर सुधारलेली प्रत ठेवून द्यावी आणि पेशीने ती प्रामाणिकपणे उतरून घ्यावी. पोथ्यांच्या भाषेत सांगायचे तर नकलकाराच्या पुढ्यात मुद्दाम वेगळा पाठ सरकवायचा. प्रयोगशाळेत हे साधते. पण सिकलसेलमध्ये ज्या पेशी सुधारावयाच्या त्या अस्थिमज्जेतील मूळपेशी, आणि त्यांतल्या ज्या जन्मभर पुरणाऱ्या असतात त्या बहुतेक वेळ निवांत असतात. प्रत पुढ्यात असूनही त्या पहिलीच वाट धरतात आणि खळ लावून मोकळ्या होतात. नेमके अक्षर अशा रीतीने सुधारण्याची अमेरिकेतील एक चाचणी २०२३ च्या जानेवारीत थांबवावी लागली; पहिल्याच रुग्णाच्या रक्तपेशींची संख्या दीर्घ काळ खाली राहिली होती.

मग यश कोठे आले? येथे आम्हांला शास्त्रज्ञांच्या चातुर्याचे खरे कौतुक वाटते. पेशी घाईचाच सांधा करणार ना, मग त्या घाईचाच उपयोग करून घेऊ, असे त्यांनी ठरवले. मघाशी आम्ही म्हटले की सिकलसेलचे मूल पहिले काही महिने बरे असते. त्याचे कारण, पोटात असताना बाळाचे हिमोग्लोबिन वेगळ्या जातीचे असते आणि त्यात हे वाईट अक्षर नसते. जन्मानंतर ते हळूहळू बंद होते. ते बंद ठेवण्याच्या कामी ‘बीसीएल-११ए’ हे जनुक मुख्य आहे, आणि रक्ताच्या तांबड्या पेशींच्या वंशात हे जनुक जागे ठेवणारा डीएनएचा एक लहानसा टप्पा आहे. तेवढ्या टप्प्यावर कात्री चालवायची. पेशी सांधा करते. सांधा बिनचूक झाला तर पत्ता तसाच राहतो, म्हणून कात्री तेथे पुन्हा कापते. पुन्हा सांधा, पुन्हा काप, आणि केव्हातरी दोन-चार अक्षरे गळतातच. गळाली की पत्ता बदलतो, कात्रीला तो ओळखत नाही, आणि तो टप्पा कायमचा निकामी होतो. गर्भातले हिमोग्लोबिन पुन्हा सुरू होते. मूळ वाईट अक्षर जागच्या जागीच असते. त्याला कोणी हातही लावलेला नसतो.

या उपचाराला ब्रिटनने नोव्हेंबर २०२३ मध्ये आणि अमेरिकेने त्यानंतरच्या महिन्यात परवानगी दिली. अमेरिकेतील मंजुरीच्या वेळी ज्यांच्याकडे पुरेसा काळ लक्ष ठेवता आले होते अशा ३१ रुग्णांपैकी २९ जणांना सलग बारा महिने तरी वेदनेचा तीव्र झटका आला नव्हता. हा आकडा लहान नाही. निसर्गाने हीच युक्ती आपल्या देशात थोडीफार आधीच केली आहे, हे विशेष. भारतातील आदिवासी रुग्णांत बहुधा आढळणाऱ्या ‘अरब-भारतीय’ प्रकारात गर्भातील हिमोग्लोबिन मोठेपणीही बऱ्यापैकी राहते, आणि पुष्कळांचा आजार त्यामुळे आफ्रिकी वंशाच्या रुग्णांपेक्षा सौम्य असतो. पुष्कळांचा, सर्वांचा नव्हे. विदर्भातील डॉक्टरांनी अतिशय कठीण रुग्णही पाहिले आहेत. हायड्रॉक्सियुरिया नावाचे स्वस्त औषधही रोज घेतल्यास हेच हिमोग्लोबिन काही प्रमाणात वाढवते.

परंतु घाईच्या सांध्यावर इमारत उभी करायची तर तो कधीकधी किती घाईचा असतो तेही पाहिले पाहिजे. २०१८ मध्ये इंग्लंडच्या सँगर संस्थेतील शास्त्रज्ञांनी दाखवले की, सांध्यावर दोन-चारच नव्हे, कधीकधी हजारो अक्षरे नाहीशी होतात, आणि नेहमीच्या तपासणीत ते दिसतही नाही. तपासणारा कापाच्या जवळचाच मजकूर वाचतो. पानच्या पान गेले असेल तर वाचायला उरते काय? दुसऱ्या काहींनी घाईच्या सांध्याला औषधाने आवर घालून प्रतीवरची दुरुस्ती वाढवण्याचा प्रयत्न केला. झुरिकच्या संशोधकांनी २०२४ मध्ये तपासले तेव्हा अशा एका औषधाने मोठ्या गळती वाढल्याचे आढळले. घाईने का होईना, सांधणारा गडी कामावर असतो हेच बरे, असे म्हणण्याची पाळी आली. म्हणून आता काहीजण दोन्ही पदर तोडायचेच नाहीत, एकेक अक्षर रासायनिक रीतीने जागीच पालटायचे, या २०१६ पासूनच्या नव्या वाटेने जात आहेत. त्या वाटेने सिकलसेलचे अक्षर मूळपदावर येत नाही, पण पेशी वाकवणार नाही अशा तिसऱ्याच निरुपद्रवी अक्षरात बदलता येते.

आणि खर्च! अमेरिकेत त्या उपचाराची किंमत २२ लाख डॉलर ठेवली आहे. म्हणजे आपल्या चलनात १८ कोटींच्या वर. त्यात मूळपेशी काढून घेणे, नव्या पेशींना जागा व्हावी म्हणून तीव्र औषधाने मज्जा रिकामी करणे, आठवडेच्या आठवडे रुग्णालयात राहणे आले, आणि त्या औषधाने मूल होण्याची शक्ती जाण्याचा धोकाही आला. तोरणमाळच्या वाटेवरील पाड्यातल्या बापाला हे कोणत्या तोंडाने सांगायचे? दिल्लीच्या जनुकशास्त्र संस्थेने, आयजीआयबीने, स्वतःची कात्री घडवून २०२५ च्या नोव्हेंबरात ‘बिरसा १०१’ या नावाने सिकलसेलवरील देशी उपचार जाहीर केला आणि पुण्याच्या सीरम संस्थेशी त्यासाठी करार झाला. बिरसा मुंडांच्या जन्माला दीडशे वर्षे झाली त्याच महिन्यात. नाव उचित आहे. ते किती स्वस्त पडते आणि धडगावपर्यंत पोहोचते का, यावर आम्ही त्या नावाची किंमत करू.

एक शंका हटकून विचारली जाते, तिचा खुलासा करून थांबतो. असा उपचार झालेल्या माणसाची मुले या आजारातून सुटतात काय? नाही. बदल होतो तो रक्ताच्या मूळपेशींत. बीजपेशी जशाच्या तशा राहतात. भ्रूणातच कात्री चालवण्याचे अविचारी धाडस चीनमध्ये २०१८ साली झाले होते. तेथे पेशींनी मनाजोगते सांधे केले नाहीत, वेगळीच गळती झाली, आणि करणाऱ्याला पुढच्या वर्षी तुरुंगवासाची शिक्षा झाली. तेव्हा बरा झालेला पावरा तरुण उद्या लग्न करील, तर त्याच्या प्रत्येक मुलाला त्याच्याकडून ते जुनेच अक्षर मिळेल. मुलगी वाहक नसेल तर मुले वाहक होतील, आजारी नव्हे. ती वाहक असेल तर निम्म्या मुलांना आजाराचा संभव. दोघेही नुसते वाहक असतील तर तो चारांत एक. २०२३ च्या १ जुलैला सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत चाळिशीपर्यंतच्या ७ कोटी लोकांचे रक्त तपासावयाचे ठरले. ती तपासणी बोटाच्या थेंबभर रक्ताने, प्राथमिक आरोग्य केंद्रात, काही मिनिटांत होते. आणि संशय आला तर पुढची तपासणी जिल्ह्याच्या ठिकाणी.