आजोबा, आपलं शेत कुठाय?



माझी नात दुसरीत आहे. शाळेसाठी घराण्याचा वंशवृक्ष काढताना तिनं विचारलं, "पणजोबा काय करायचे?" म्हटलं, भातशेती. "मग आपलं शेत कुठाय?"

आम्ही उरण तालुक्यातले आगरी. मी आधी तिला बांधाची गोष्ट सांगितली. उधाणाच्या रात्री खाडीचं खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून सगळा गाव कंदील घेऊन बांधावर जायचा. फुटल्या जागी तिचा पणजोबा चिखलाची ढेकळं रचायचा. काय होतं ते कळल्याशिवाय काय गेलं ते मुलांना कसं कळणार?

मग सांगितलं, मुंबईत माणसं मावेनात, म्हणून १९७० मध्ये सिडको हे सरकारी महामंडळ स्थापन झालं आणि खाडीपल्याड नवं शहर वसवायला ९५ गावांची जमीन घ्यायचं ठरलं. तिनं लगेच विचारलं, "पणजोबांना विचारलं होतं का?"

"नाही. नोटीस आली."

दरवर्षी १६ जानेवारीला आम्ही जासईला जातो. तिला ती जत्राच वाटायची. आता तिथं का जातो ते सांगितलं: जमिनीच्या योग्य मोबदल्यासाठी १९८४ मध्ये शेतकरी नेते दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर उतरले, १६ आणि १७ जानेवारीला पोलिसांनी गोळीबार केला, पाच शेतकरी मारले गेले. 'देवाघरी गेले' हे शब्द ओठांवर आले होते, ते मी गिळले. तिच्या मैत्रिणीचे बाबा पोलिसात आहेत. घाबरून म्हणाली, "त्यांनी मारलं?" नाही गं बाळा, त्यांचा तर तेव्हा जन्मही झाला नव्हता. या एका वाक्यासाठी मी तिच्याजवळ बराच वेळ बसून राहिलो. आपलं दुःख मुलांच्या हाती देताना त्यातून कुणाचा द्वेष जाऊ नये, याला वेळ द्यावाच लागतो.

त्या लढ्यामुळं घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड शेतकऱ्याला परत देण्याचं तत्त्व आलं. आमच्याही वाट्याला भूखंड आला. "मग तो सगळ्यांनी वाटून घेतला?" तिनं विचारलं. कागदावर माझ्या बहिणीच्या नावाची फांदी तिनं नुकतीच हिरवी रंगवली होती.

इथं मला थांबता आलं असतं. पण खरं सांगितलं. आत्याआजीला काही मिळालं नाही. हक्कसोडपत्रावर तिची सही आम्ही भावांनीच घेतली.

"तिला विचारलं होतंस का?"

नाही म्हणालो. येत्या रविवारी आम्ही दोघं बहिणीकडे जाणार आहोत.