रजिस्टर ठीक आहे, मुलं कशी आहेत?



गंगापूर, वाळूज, लासूर स्टेशन, कायगाव या आपल्या भागात एखादा सोळा-सतरा वर्षांचा मुलगा चोरीत किंवा मारामारीत पोलिसांच्या हाती लागला, की गावभर एकच वाक्य फिरतं, ‘त्याला रिमांड होमला टाकलं.’ तिथं तो काय खातो, कुठं झोपतो, त्याच्याशी कोण कसं वागतं, याची चौकशी त्यानंतर कोणी करत नाही. ती करण्याचं काम कायद्यानं काही माणसांवर सोपवलं आहे. जिल्हा तपासणी समितीत सामाजिक कार्यकर्ता म्हणून मी हे काम केलं आहे. ते कसं चालतं आणि कुठं अडतं, ते आज सांगणार आहे.

आधी मुलाचा रस्ता समजून घेऊ. 2015 चा बाल न्याय कायदा 15 जानेवारी 2016 पासून लागू झाला. अठरा वर्षांखालच्या मुलाला पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही. प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांच्या आत त्याला बाल न्याय मंडळापुढं उभं करावं लागतं. मंडळात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात, त्या दोघांपैकी एक महिला असावीच लागते. मंडळ जिल्ह्याच्या ठिकाणी बसतं, म्हणजे गंगापूरच्या मुलाला संभाजीनगर गाठणं आलं. गुन्हा जामीनपात्र असो वा नसो, मुलाला जामीन देणं हा नियम आणि नाकारणं हा अपवाद. जामीन मिळाला नाही, तर चौकशी संपेपर्यंत त्याचा मुक्काम निरीक्षणगृहात, ज्याला गावात रिमांड होम म्हणतात. तेव्हा निरीक्षणगृहातला मुलगा दोषी ठरलेला नसतो, हे पक्कं लक्षात ठेवा. तपासायला जाणाऱ्यांनाही हे अधूनमधून सांगावं लागतं. मुलाला बघताक्षणी ‘काय रे, काय केलंस?’ असं विचारणारे सदस्य असतात. तो प्रश्न मंडळाचा आहे, आपला नव्हे.

आता तपासायला जातं कोण? यादी बरीच लांब आहे. बाल न्याय मंडळानं महिन्यातून किमान एकदा जायचं. अनाथ, टाकलेली, पीडित मुलं ज्या बालगृहांत राहतात, तिथं बालकल्याण समितीनं महिन्यातून किमान दोनदा. आणि या सगळ्या संस्थांत तपासणी समितीनं तीन महिन्यांतून एकदा तरी. समितीचे किमान तीन जण सोबत हवेत, त्यांत एक महिला आणि एक वैद्यकीय अधिकारी असलाच पाहिजे. भेटीनंतर आठवड्याच्या आत अहवाल द्यायचा. 2021 च्या दुरुस्तीनं, म्हणजे 1 सप्टेंबर 2022 पासून, हा अहवाल थेट जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो. त्यावर महिनाभरात कारवाई करून राज्य सरकारला कळवणं त्यांच्यावर बंधनकारक आहे.

कागदावर याहून चोख व्यवस्था शोधून सापडणार नाही. आणि तरीही 2025 च्या जूनअखेर आपल्याच संभाजीनगर शहरात, छावणी भागातल्या एका बालगृहातून काही मुली पळून रस्त्यावर आल्या. छळाच्या तक्रारी त्यांना स्वतःच्या तोंडानं कराव्या लागल्या. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली, विधिमंडळात प्रश्न गाजला. ते बालगृह होतं, निरीक्षणगृह नव्हे. पण तपासणीचा कायदा दोघांना एकच. इतक्या लोकांनी इतक्या वेळा जायचं असताना मुलींना पळून जावं लागतं, याचा अर्थ भेटी देणं आणि तपासणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

बिहारमधलं मुझफ्फरपूरचं प्रकरण आठवत असेल. तिथल्या मुलींच्या निवासगृहातला अत्याचार 2018 मध्ये बाहेर आला, तो मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या चमूनं बिहारमधल्या अशा संस्थांची पाहणी केली म्हणून. सरकारी तपासण्या आधीही होतच होत्या. फरक एवढाच, की हा चमू मुलींपाशी बसून बोलला.

मग नीट तपासणी करायची कशी? माझी पद्धत सांगतो.

आगाऊ कळवून गेलात तर नव्या चादरी दिसतात. म्हणून न कळवता जायचं, आणि शक्यतो संध्याकाळी. अकरा वाजता अधीक्षक असतात, चहा येतो, रजिस्टरं टेबलावर रचलेली असतात. सात वाजता स्वयंपाकघर चालू असतं, दिवसाची माणसं गेलेली असतात आणि खरा कारभार कोणाच्या हातात आहे ते कळतं. आधी डोकी मोजायची, मग हजेरीपट पाहायचा. उलट क्रमानं गेलात तर आकडा आपोआप जुळवून दिला जातो.

स्वयंपाकघरात गणित कामाला येतं. केंद्राच्या 2016 च्या आदर्श नियमांत एका मुलाला दिवसाला 600 ग्रॅम धान्य आणि 120 ग्रॅम डाळ सांगितली आहे, सोळाच्या पुढच्या मुलांना धान्य 700 ग्रॅम. चाळीस मुलं धरा. रोजचं किमान 24 किलो धान्य आणि जवळपास पाच किलो डाळ झाली. आठवड्याचा साठा कोठीत किती असावा, हे कोणतीही गृहिणी तोंडी सांगेल. पातेल्यातलं वरण बघून तिला आणखीही बरंच काही सांगता येईल. पंगतीला बसून जेवावं. मुलांना वाढलेलं ताट आपल्याला मिळालं की वेगळं, तेही बघावं.

झोपायच्या खोलीत माणशी 40 चौरस फूट जागा अपेक्षित आहे. संडास-न्हाणीघराला आतून कडी आहे का, रात्री दिवा असतो का, लहान आणि मोठी मुलं वेगळी झोपतात का, हे तिथंच पाहायचं. डॉक्टर सदस्यानं औषधांच्या तारखा बघाव्यात, पण त्याआधी मुलांचे हातपाय बघावेत. खरूज लपत नाही, वळही लपत नाहीत.

सूचनापेटी हा स्वतंत्र विषय आहे. ती कार्यालयापासून दूर, मुलांचा हात पोहोचेल अशी असावी, किल्ली संस्थेच्या व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांकडे असावी, आठवड्यातून एकदा मुलांच्या प्रतिनिधींसमोर उघडावी, असा नियम आहे. अधीक्षकांच्या खोलीबाहेर टांगलेली पेटी रिकामीच निघणार. रिकामी पेटी म्हणजे तक्रार नाही, असं अहवालात लिहिणारे लोकही मी पाहिले आहेत.

सगळ्यात अवघड काम मुलांशी बोलण्याचं. कर्मचारी बाहेर पाठवल्याशिवाय त्याला अर्थ नाही. ‘इथं मारतात का?’ या प्रश्नाला ‘नाही’ हेच उत्तर येतं. त्याऐवजी काल सकाळी कोणी उठवलं, उशीर झाला तर काय होतं, आजारी पडल्यावर कोणाला सांगतोस, घरून शेवटचं कोण आणि कधी आलं, असं विचारत जायचं. मुलगा बोलू लागतो, पण सावधपणे. आपण तासाभरानं निघून जाणार आणि त्याला रात्र तिथंच काढायची आहे, हे त्याला आपल्यापेक्षा जास्त कळतं. म्हणून जे ऐकलं त्यातलं मुलाची ओळख पटेल असं काही अधीक्षकांसमोर उच्चारायचं नाही, आणि थोड्या दिवसांनी पुन्हा जायचं. माझ्या मते दुसरी भेट हीच खरी तपासणी. पहिल्या भेटीत बोललेल्या मुलाचे त्यानंतर हाल झाले का, हे त्याशिवाय कळत नाही.

फायलींतही एक गोष्ट मी हटकून बघतो. हा मुलगा अजून इथं का आहे? परिविक्षा अधिकाऱ्यानं (प्रोबेशन ऑफिसरनं) घरच्या परिस्थितीचा सामाजिक तपास अहवाल पहिल्या हजेरीपासून 15 दिवसांत द्यायचा असतो. तो आला नसेल, तर प्रकरण रेंगाळतं. कधी जामीन होऊनही मुलगा आतच असतो, कारण न्यायला कोणी येत नाही. आई-बाप ऊसतोडीला दुसऱ्या जिल्ह्यात, फोन बंद. गुन्ह्यापेक्षा गरिबीमुळे आत राहिलेली मुलं ओळखणं आणि त्यांची नावं त्याच दिवशी मंडळाच्या कानावर घालणं, याला मी स्वयंपाकघराच्या तपासणीइतकंच महत्त्व देतो.

आता अहवालाचं. इंग्लंडमध्ये प्रोबेशनची एक स्वतंत्र तपासणी यंत्रणा आहे. ती बाल न्याय सेवांना उत्कृष्टपासून अपुऱ्यापर्यंत दर्जा देते आणि पूर्ण अहवाल जाहीर करते. आपला अहवाल जिल्हाधिकारी कार्यालयात पोचतो, आणि त्याचं पुढं काय झालं हे तो लिहिणाऱ्यालाही विचारत बसावं लागतं. मुलांची ओळख उघड करायला कायद्याची बंदी आहे, आणि ती योग्यच आहे. पण नावं झाकून, संडास किती, समुपदेशकाचं पद किती महिने रिकामं, मागच्या त्रुटींपैकी दुरुस्त किती झाल्या, एवढं जाहीर करायला कुठलाही कायदा आड येत नाही. ते व्हायलाच हवं.

जाता जाता गंगापूर तालुक्यातल्या आई-वडिलांना आणि सरपंचांना एक विनंती. गावातला मुलगा पोलिसांनी नेला तर लाजेनं घरात बसू नका. त्याच्या शाळेचा जन्मतारखेचा दाखला घेऊन पोलीस ठाण्यात आणि मंडळापुढं जा. वय ठरवताना आधी शाळेचा दाखला बघतात, तो नसेल तर नगरपालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच वैद्यकीय चाचणी. मुलांना वकील मोफत मिळतो, त्यासाठी गंगापूर न्यायालयातल्या तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करा. निरीक्षणगृहात भेटीच्या दिवशी जा, मुलाच्या अंगावर एकदा नजर टाका, आणि काही वावगं दिसलं तर 1098 वर फोन करा. हा क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि त्याला पैसे पडत नाहीत.