पोटातल्या बाळाला सिकलसेल असतो तेव्हा



कारधा हे वैनगंगेकाठचं गाव. पूल ओलांडला की भंडारा, आणि तिथं जिल्ह्याचं सरकारी रुग्णालय. रक्त तपासल्याच्या कागदावर ‘एएस’ किंवा ‘एसएस’ लिहून येतं, ती अक्षरं आपल्याकडच्या कितीतरी घरांच्या ओळखीची आहेत. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर या साऱ्या पट्ट्यात सिकलसेल पिढ्यानपिढ्या चालत आलेला आहे. एएस म्हणजे वाहक, त्याला सहसा काही त्रास नसतो. एसएस म्हणजे प्रत्यक्ष आजार. रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांत अडकतात, आणि हाडं, सांधे, छाती असं काही ठणकतं की लेकरू रात्रभर कण्हत राहतं. मग रक्त चढवा, सलाईन लावा, शाळा बुडवा.

नवरा-बायको दोघेही वाहक असले, तर प्रत्येक गरोदरपणात बाळ एसएस असण्याची शक्यता चारांत एक. प्रत्येक वेळी नव्यानं. पहिलं आजारी निघालं म्हणून पुढची तीन सुटली, असं होत नाही.

आता समजा, अशा घरातली सून तिसऱ्या महिन्यात आहे. दहाव्या ते बाराव्या आठवड्यात वारेचा बारीकसा नमुना घेऊन, किंवा पुढे गर्भजलावरून, बाळाला आजार आहे की नाही हे कळू शकतं. या तपासणीत गर्भ गळण्याचा थोडा धोका असतो, तोही आधी सांगायला हवा. गर्भलिंग निदानाला बंदी घालणाऱ्या 1994 च्या कायद्यानं रक्ताच्या अशा आनुवंशिक आजारांच्या तपासणीला मुभा ठेवली आहे. आणि होणाऱ्या बाळाला गंभीर व्याधी राहण्याची मोठी शक्यता असेल, तर 1971 चा कायदा गर्भपाताची परवानगी देतो. कागद हातात आला की ती विचारते, “ठेवू का पाडू, बाई?”

याचं उत्तर सोपं आहे असं सांगणाऱ्यांचा मला राग येतो, मग ते कोणत्याही बाजूचे असोत. सिकलसेल म्हणजे जन्मल्याबरोबर मृत्यू नव्हे. कुणाला वरचेवर दुखणं येतं, कुणाला वर्षातून एखाद वेळी. हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्यांनी कितीतरी जणांचं दुखणं कमी झालं आहे. सिकलसेलची मुलं शिकतात, नोकरी करतात, संसार करतात. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानं या आजाराला आपल्या यादीत घेतलं, म्हणजे या माणसांच्या मानानं जगण्याची हमी घेतली. मग त्याच आजाराच्या गर्भाविषयी बोलताना, ‘असलं लेकरू कशाला’, असं त्यांच्या देखत म्हणणं क्रूरपणाचं आहे. त्या घरात थोरला भाऊ हाच आजार घेऊन बसलेला असतो, आणि तो ऐकत असतो.

पण त्याच थोरल्याला घेऊन जिनं रात्री दवाखान्यात काढल्या, तिला दुसऱ्यांदा ते सोसवत नसेल, तर तिला पापी ठरवण्याचा अधिकार कुणाचा? माझ्या मते कुणाचाच नाही. गर्भाचंही मोल आहे, हे मी मानते. म्हणूनच तो निर्णय, जी त्याला पोटात वागवते आणि पुढे जी त्याला वाढवणार, तिच्याकडे असावा. कायदाही तेच सांगतो: सज्ञान स्त्रीच्या गर्भपाताला तिची स्वतःची संमती पुरते. नवऱ्याची सही लागत नाही, सासूची तर नाहीच. आणि तिचं नाव गुप्त ठेवणं हे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. आपल्याकडे मात्र कागद आधी घरच्यांच्या हातात जातो.

दडपण दुसऱ्या बाजूनंही येऊ शकतं. 1 जुलै 2023 पासून देशात सिकलसेल निर्मूलनाचं अभियान सुरू आहे, 2047 चं उद्दिष्ट आहे. तपासणी वाढते आहे, हे चांगलंच. पण आकडा गाठायचा म्हणून एखाद्या गरोदर बाईला ‘पाडून टाक’ म्हणणं, हा सल्ला नव्हे.

उशीर झाला की सगळंच अवघड होतं. 2008 साली मुंबईच्या निकेता मेहता चोविसाव्या आठवड्यात गर्भाच्या हृदयातला दोष घेऊन उच्च न्यायालयात गेल्या. तेव्हा मर्यादा वीस आठवड्यांची होती, आणि परवानगी मिळाली नाही. 2021 च्या दुरुस्तीनंतर गर्भात मोठा दोष असल्यास वैद्यकीय मंडळाच्या निदानावरून चोवीस आठवड्यांनंतरही मुभा आहे. जानेवारी 2023 मध्ये मंडळानं नकार दिलेल्या एका स्त्रीला उच्च न्यायालयानं परवानगी दिली आणि निवड मंडळाची नाही, तिची आहे, असं स्पष्ट केलं. पण कारध्याच्या सुनेनं उच्च न्यायालयाची पायरी चढावी, अशी वेळच का यावी? मजुरी बुडवून नागपूरला जायचं, बसभाडं, राहणं, पुन्हा निकालासाठी खेप, यातच आठवडे निघून जातात.

तेव्हा लग्नाआधी मुलाचं आणि मुलीचं, दोघांचंही रक्त तपासा. ते राहून गेलं असेल, तर दिवस गेल्याचं कळताच आशाताईंना सांगा, चौथ्या-पाचव्या महिन्याची वाट पाहू नका. आणि कागद मिळाला की त्या बाईला एकटीला बसवून, तिच्या बोलीत, आजार, औषधं, खर्च आणि कायदा, हे सगळं समजावून सांगणारं माणूस जिल्हा रुग्णालयात रोज हजर असायला हवं. तिनं बाळ ठेवायचं ठरवलं, तर गोळ्या आणि रक्त त्या लेकराला आयुष्यभर खात्रीनं मिळायला हवं. नाही ठरवलं, तर तिला चार दिवस विश्रांती मिळावी, आणि गावानं तिला काही विचारू नये.