धातू आणि उष्णता

तापत ठेवलेले दूध तळाशी लागावे, हा अनुभव घरोघरचा आहे. दोष बहुधा गृहिणीच्या दुर्लक्षाकडे जातो. पुष्कळदा तो भांड्याच्या धातूचा असतो.

सर्व धातू उष्णतेचे वाहक खरे, परंतु त्यांच्यातील अंतर थोडेथोडके नाही. इ. स. १७८९ च्या सुमारास इंगनहाउझ नामक डच वैद्याने निरनिराळ्या धातूंच्या सारख्या तारांना मेणाचा लेप देऊन त्यांचे एक टोक तापविले आणि मेण कोठवर वितळते ते पाहिले. चांदीची वाहकता १०० धरली, तर आधुनिक मापनानुसार तांब्याची सुमारे ९३, ॲल्युमिनियमची ५५, लोखंडाची १९ आणि शिशाची अवघी ८ भरते. घरोघरचे न गंजणारे स्टील मात्र साडेतीनच्या आसपासच घुटमळते!

धातूमध्ये उष्णता मुख्यत्वे मोकळे विद्युत्कण वाहून नेतात. मिश्रधातूत परक्या अणूंची गर्दी झाली, की त्यांची वाट अडते. पितळेत दोन तृतीयांश तांबे असूनही त्याची वाहकता जवळजवळ जस्ताइतकीच उतरते, ती यामुळेच. स्टीलमध्ये तर लोखंडाबरोबर क्रोमियम व निकेल असतात. ज्योतीवरील उष्णता बाजूस पसरत नाही, तेवढाच भाग अतिशय तापतो, आणि दूध नेमके तेथेच करपते.

मग सर्वांनी तांब्याकडे वळावे काय? तसे नाही. ताक, चिंच, आमसूल यांच्या संगतीने तांबे-पितळ अन्नात उतरते. पदार्थ कळकतो, आणि असे अन्न पोटात गेल्यास ओकाऱ्या होतात. म्हणून कल्हई. कथिल काही उत्तम वाहक नव्हे, पण थर इतका पातळ असतो, की उष्णतेस अडथळा असा होत नाही. मात्र कथिल २३२ अंश सेल्सिअसला वितळते. तेव्हा कल्हईचे भांडे रिकामे चुलीवर ठेवू नये.

अलीकडे स्टीलच्या बुडास तांब्याचा अथवा ॲल्युमिनियमचा थर जोडतात. युक्ती चांगली आहे. परंतु तांब्याचा नुसता मुलामा असेल, तर ती केवळ शोभा होय. घेताना भांड्याची चकाकी न पाहता बुडाची जाडी पाहावी.