सोऱ्याच्या मुलुखातील वाट



चिली देशात आंतोफागास्ता बंदराहून उत्तरेस इकीकेकडे सुमारे ४०० किलोमीटरांचा रस्ता जातो. डाव्या हातास पॅसिफिक महासागर, उजव्या हातास उघडाबोडका कडा. हेच अटाकामाचे वाळवंट. आम्ही मोटारीने त्या रस्त्याने गेलो, तेव्हा मावळतीच्या उन्हात तांबूस झालेले ते डोंगर पाहून गाडीतले बोलणेच थांबले. समुद्र हाकेच्या अंतरावर, पण गवताची काडी दिसेल तर शपथ! समुद्रातील हंबोल्टच्या थंड प्रवाहामुळे तेथे धुके दाटते, पाऊस मात्र जवळजवळ पडतच नाही.

ही कोरडी हवाच त्या मुलुखाची लक्ष्मी ठरली. पाण्यात सहज विरघळणारा सोरा तिच्यामुळेच तेथील माळावर टिकून राहिला. त्याने युरोपच्या शेतांना खत पुरविले आणि तोफांना दारूही.

पण ही लक्ष्मी कोणाच्या घरी गेली? इकीकेपासून सुमारे ४५ किलोमीटरांवर, वर पठारावर, हंबरस्टोन हे सोऱ्याचे ओस गाव आहे. कृत्रिम खत निघाल्यावर हा धंदा खालावला, आणि १९६० साली तेथील काम बंद पडले. २००५ साली ते जागतिक वारशाच्या यादीत गेले. प्रवासी तेथील नाटकगृहाची छायाचित्रे घेतात. या माळावर एके काळी मजुरी नाण्यांत न देता बिल्ल्यांत देत, आणि बिल्ला चाले तो मालकाच्याच दुकानात!

डिसेंबर १९०७ मध्ये हजारो कामगार संप करून इकीकेला उतरले. कित्येक जण बायकामुलांसह पायी आले. त्यांचे मागणे काय होते? बिल्ले बंद करा. मजुरीचे मोल स्थिर ठेवा. सोरा उकळण्याच्या कढयांवर जाळी बसवा, म्हणजे माणूस आत पडून मरणार नाही. आणि रात्रीची शाळा काढा. २१ डिसेंबरला, ज्या सान्ता मारिया शाळेत ते उतरले होते, तेथेच सैन्याने त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. मृतांच्या आकड्याबद्दल इतिहासकारांत अजून वाद आहे.

रात्रशाळेच्या मागणीपाशी आम्ही थबकतो, कारण आमचे शिक्षणही दिवसाचे काम आटोपल्यावर, दिव्याखालीच झाले. अक्षरे मागणाऱ्यांना शाळेच्याच आवारात मरण आले!

तो किनारा सुंदर आहे, जमल्यास अवश्य पाहावा. मात्र तेथून माघारी वळण्यापूर्वी पठारावरही जाऊन यावे. आणि आपल्याकडे एखाद्या कारखान्यात यंत्रापुढे जाळी दिसली, तर ती आधी कोणीतरी मागितली होती, एवढे आपल्या मुलांना सांगावे.