फुलबागेतला राजा आणि पडद्यावरचे तंजावर

तंजावरच्या माणसाला चोळांचा इतिहास दोन ठिकाणी भेटतो. एक, इ. स. 1010 मध्ये पुरे झालेल्या बृहदीश्वर मंदिरात. दुसरे, कल्की रा. कृष्णमूर्ती यांच्या ‘पोन्नियिन सेल्वन’ या कादंबरीत. 1950 ते 1954 या काळात ती ‘कल्की’ साप्ताहिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली आणि तमिळ घराघरांतून मोठ्याने वाचली गेली. एम. जी. रामचंद्रन यांनी 1958 साली तिच्यावर चित्रपट काढण्याचे ठरविले होते. तो झाला नाही. अखेर मणिरत्नम यांनी 30 सप्टेंबर 2022 रोजी पहिला भाग आणि 28 एप्रिल 2023 रोजी दुसरा भाग प्रेक्षकांपुढे आणला. इतक्या प्रतीक्षेनंतर आलेल्या कृतीविषयी निराशा व्यक्त करणे कृतघ्नपणाचे वाटेल. तरीही ती व्यक्त करणे आवश्यक आहे.

समीक्षकांनी चित्रपटाची मुक्तकंठाने स्तुती केली. 2022 सालासाठीच्या राष्ट्रीय पुरस्कारांत पहिल्या भागाला चार पुरस्कार लाभले: उत्कृष्ट तमिळ चित्रपट, छायाचित्रण, ध्वनियोजना आणि पार्श्वसंगीत. रवि वर्मन यांचा कॅमेरा आणि ए. आर. रहमान यांचे संगीत या सन्मानास पात्र होते, याविषयी वाद नाही. पटकथेचा पुरस्कार मात्र त्या वर्षी ‘आट्टम’ या मल्याळम चित्रपटाला गेला. त्यात हत्ती नाहीत, तटबंदी नाही. एका नाटकमंडळीतील बारा पुरुष आणि एक स्त्री यांच्यामधला पेच आहे, आणि बरीचशी बोलाचाली.

कल्कींची कादंबरी सुरू होते ती रणांगणावर नव्हे. आषाढातल्या, म्हणजे तमिळ ‘आडी’ महिन्यातल्या, अठराव्या दिवशी वंदियदेवन नावाचा तरुण वीरनारायण तळ्याच्या बांधावरून घोडा हाकीत चालला आहे. तळ्याच्या 74 मोऱ्यांतून पाणी उसळते आहे, गावकरी शिदोऱ्या घेऊन काठाला जमले आहेत. राज्य कशासाठी असते, हे वाचकाला येथेच कळून चुकते. मग ते कोणाच्या हाती जाणार, ही काळजी त्याची स्वतःची होते. चित्रपट आरंभीच राष्ट्रकूटांशी झालेल्या लढाईत उडी घेतो. भरलेली नदी पुढे येते, पण गाण्यापुरती.

तंजावरचे तर फारच हाल झाले आहेत. चित्रीकरण ओरछा, महेश्वर, थायलंड अशा दूरदूरच्या ठिकाणी झाले, ही तक्रार नव्हे. कथेच्या काळी आजचे मोठे मंदिर उभेच नव्हते, तेव्हा दिग्दर्शकाला दुसरीकडे जाणे भागच होते. तक्रार आहे ती सेंदन अमुदनविषयी. कादंबरीत हा तंजावरच्या वेशीबाहेर फुलबागेत राहतो, मुक्या आईचा सांभाळ करतो आणि देवळाला फुले पुरवितो. राज्याच्या गादीवर ज्याचा खरा हक्क, तो मधुरांतक म्हणजे हाच माळी, असे शेवटी उघड होते. आणि अरुळमोळी वर्मन, जो पुढे राजराज म्हणून प्रसिद्ध झाला, स्वतःच्या राज्याभिषेकासाठी आणलेला मुकुट उचलून त्याच्या मस्तकावर ठेवतो. पाच भागांची कादंबरी ज्या क्षणाकडे चालत येते, तो हा क्षण. चित्रपटात अमुदन आहे, पण त्याच्या जन्माचे रहस्य नाही. मुकुट मिळतो तो ज्याने सिंहासनासाठी कारस्थान केले त्यालाच. त्यागाचा अभिनय तेवढा उरतो.

एवढी अवाढव्य कादंबरी साडेपाच तासांत बसणार कशी, असे चित्रपटाचे समर्थक विचारतात. प्रश्न रास्त आहे. परंतु दुसऱ्या भागाच्या शेवटी राष्ट्रकूटांशी जे घनघोर युद्ध दाखविले आहे, ते कल्कींच्या कादंबरीत नाही. म्हणजे वेळ होता. तो कोणावर खर्च करावयाचा, एवढाच प्रश्न होता. ज्यांनी वेरूळचे कैलास लेणे कोरविले ते राष्ट्रकूट येथे केवळ कापून काढण्याजोगा जमाव होऊन येतात, हे मराठी वाचकाला विशेष खुपेल.

आदित्य करिकालनाचा खून हाही असाच विषय. वीरनारायण तळ्याजवळच्या उडैयारकुडीच्या शिलालेखात राजराजाच्या दुसऱ्या राज्यवर्षी या खुनाबद्दल सोमन, रविदासन, परमेश्वरन या भावांच्या जमिनींची वासलात लावल्याची नोंद आहे. एवढ्या धाग्यावर कल्कींनी कथा विणली आणि मारेकऱ्याचा हात शेवटपर्यंत अंधारातच ठेवला. चित्रपट तो अंधार दूर करतो: करिकालन स्वतःच नंदिनीच्या कट्यारीला सामोरा जातो. तरीही न्यायाने सांगितले पाहिजे की चित्रपटातला सर्वांत जिवंत प्रसंग हाच आहे. एक दालन, दोन माणसे, जुने प्रेम आणि जुना अपराध. पुढच्या युद्धातले शेकडो घोडे मिळूनही प्रेक्षकाला इतके हलवू शकत नाहीत.

भव्यता आणि कथा यांचे वैर असते, असा याचा अर्थ कोणी करू नये. तंजावरच्या मंदिराच्या गर्भगृहाभोवतीच्या अंधाऱ्या प्रदक्षिणामार्गात 1931 साली नायककालीन रंगाच्या थराखाली चोळकालीन भित्तिचित्रे आढळली. त्यांत त्रिपुरांतक शिवाचे प्रचंड चित्र आहे. ब्रह्मा सारथ्य करीत आहे, शिव धनुष्य घेऊन रथावर उभा आहे, समोर असुरांची सेना उसळली आहे. युद्धाचा एवढा थाट त्या काळच्या दुसऱ्या भिंतीवर क्वचितच असेल. पण चित्रकाराने असुरांच्या स्त्रियाही रंगविल्या आहेत. भयाने व्याकूळ होऊन त्या आपापल्या पतींना बिलगल्या आहेत, आणि पाहणाऱ्याची दृष्टी देवावरून निघून तेथेच येऊन थांबते. तो मार्ग सर्वसामान्य यात्रेकरूंना खुला नसतो. ही चित्रे बहुतेकांना छायाचित्रांतूनच पाहावी लागतात.